पदराच्या गाठीतली वाळू

देवघर आवरायला काढलं की डब्या निघतात. कुंकवाची, बुक्क्याची, अष्टगंधाचा वाळून खडा झालेली, शिवाय काशीहून आलेला आणि कोणीच कधी न उघडलेला गंगाजलाचा गडू. त्यांच्या मागे एक पितळी डबी असते, झाकण घट्ट बसलेलं. चमच्याच्या टोकानं तुम्ही ते उचकटता. आत करड्या रंगाचं काहीतरी दिसतं. सवयीनं अंगारा समजून चिमूट कपाळाला लावता, तर टोचतं. दोन कण नाकावरून ओठांवर घरंगळतात आणि दाताखाली कचकन लागतात.

"आई, यात वाळू आहे!"

"आजीची आहे ती. पंढरपूरहून आणलेली. तुळशीत टाक." आई स्वयंपाकघरातूनच सांगते.

टाकाल, पण जरा थांबा. आधी ती पांढऱ्या कागदावर ओता. मूठभरही भरणार नाही. जुन्या स्पीकरातला लोहचुंबक घरात असेल तर कागदाखालून फिरवा. काळे कण मुंग्यांसारखे उठून चालू लागतील. लहानपणी हे आपण सगळ्यांनी केलंय. बांधकामावरच्या ढिगात चुंबक बुडवायचा आणि त्याला फुटलेली दाढी मित्राला दाखवायची. ते मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज. बाकीचे बहुतेक कण काळपट, करडे, विटकरी, म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्याच कपच्या. काही पांढुरके, खडूसारखे, ती चुनखड. आणि मग हा एक. मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठा करून बघा. खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा, दुधाळ, एका अंगाला धार असलेला.

याच्या मोठ्या भावंडाला आपण गारगोटी म्हणतो. कोल्हापूरकडच्यांना भुदरगडातलं गाव आठवेल, पण मी म्हणतोय ती रानात पायाखाली येणारी. रात्री गोधडीत शिरून दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की आतून पिवळट उजेड चमकायचा आणि जळकट वास यायचा. तो वास आठवला ना? मग या कणाचं बोट धरा.

*

पायाखालची फरशी गेली. आधी धग जाणवते, मग वास. फटाक्यांची माळ उडाल्यावर गल्लीत रेंगाळतो त्याच जातीचा, पण छातीत न मावणारा. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या एका दुपारी तुम्ही उभे आहात. पुढे जिथे आंबेगाव तालुक्यातलं आहुपे वसणार आहे तीच ही जागा. फक्त ती आत्ता विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. भारत हे एक बेट आहे आणि ते वर्षाला जवळपास वीतभर उत्तरेकडे सरकतंय. हिमालय नाही. सह्याद्रीही नाही. तो तुमच्या डोळ्यांदेखत रचला जातोय.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला शंकू आठवतो, टोकातून धूर सोडणारा. तो इथे शोधू नका. इथे जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आहे आणि त्यांतून अकराशे-बाराशे अंशांचा रस वर येऊन पसरतोय. आंबोळीचं पीठ तव्यावर ओतलं की आपसूक कडेला सरकतं, तसा. वरचा भाग निवून सायीसारखा सुरकुततो, काळा पडतो. सायीखाली लाल रस वाहतच राहतो. कुठेतरी साय फाटते आणि नवा ओघळ निघतो. पळायची घाई नाही, चालत निघालात तरी सुटाल. पण जायचं कुठे? चारही दिशांना हेच चाललंय.

खाली वाका. आंबोळीला जाळी पडते तशी या थरालाही पडली आहे. रसात विरघळलेले वायू वर निसटू पाहतात, तोवर वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि बुडबुडे जिथल्या तिथे अडकतात. त्यांतला एक लिंबाएवढा आहे. त्यात काहीही नाही. ज्याचं बोट धरून तुम्ही आलात तो कण अजून जन्माला यायचाय. त्याची जागा तेवढी कोणीतरी रुमाल टाकून धरून ठेवली आहे.

असे लोंढे एकावर एक येत राहतात. दोन लोंढ्यांच्या मध्ये कधीकधी इतका काळ जातो की माती तयार होते, तळी साठतात, झाडं येतात, बेडूक ओरडू लागतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच एका तळ्याच्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. मग पुन्हा रस येतो आणि ती माती भाजून काढतो. त्या भाजक्या मातीचे विटकरी पट्टे घाटात आजही दिसतात. पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याला गाडी मंदावते, तेव्हा मोबाईलमधून मान वर काढून डोंगराकडे बघावं. पायऱ्या पायऱ्या दिसतात. आज शिल्लक असलेला हा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलाय आणि घाटमाथ्याकडे त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या आसपास भरते. डायनोसॉर याच सुमारास संपले. त्याचा दोष या लाव्ह्याकडे किती आणि मेक्सिकोत आदळलेल्या उल्केकडे किती, यावर शास्त्रज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही. आपण त्यात पडायला नको. आपल्याला बुडबुड्यात शिरायचंय.

*

आत मिट्ट काळोख. हात पुढे केला तर खरखरीत भिंत लागते, अजून कोमट. वर कुठेतरी पाऊस पडतो, त्याचं पाणी कातळाच्या फटींतून खाली येतं. येताना दगडातली सिलिका विरघळवून आणतं आणि पोकळीच्या भिंतीवर तिचा एक पातळ, अगदी कांद्याच्या आतल्या पापुद्र्याएवढा थर ठेवून जातं. पिंडीवर अभिषेकपात्र टांगलेलं असतं, तशी ही संततधार. फक्त दोन थेंबांमध्ये किती काळ गेला ते मोजायला इथे गुरव नाही. दुधाळ थर, मग राखाडी, पुन्हा दुधाळ. भिंती तुमच्याकडे सरकत येतात. शेजारच्या बुडबुड्यात याहून देखणा कारभार चाललाय. तिथे झिओलाइटचे स्फटिक पिसाऱ्यासारखे उमलताहेत. पुणे, नाशिक, जळगाव भागांतले असले स्फटिक आज जगभरच्या संग्रहालयांत मानानं बसलेत. तुमच्या वाट्याला साधी गारगोटी आली.

कीर्तनात बुवा नरदेहाला पाण्याचा बुडबुडा म्हणतात. हा बुडबुडा वेगळ्या जातीचा. तो भरत गेला, आणि भरला तेव्हा आत वाऱ्यालाही जागा उरली नाही.

*

पुढची कोट्यवधी वर्षं मी तुम्हाला दाखवत नाही. भारत आशियाला धडकतो, हिमालय उभा राहतो, रानं बदलतात, जनावरं बदलतात. तुम्हाला आत काहीच कळत नाही.

बाहेर कातळ कुजतोय. त्याचा हा स्वभाव मात्र समजून घ्यायला हवा, नाहीतर डबीतल्या वाळूची किंमत कळायची नाही. गंगेच्या खोऱ्यात किंवा राजस्थानात वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, आपल्या गारगोटीच्याच जातीचं. ग्रॅनाइटसारखा खडक मोडला की त्यातलं बाकीचं हळूहळू कुजतं आणि क्वार्ट्झ मागे उरतं, म्हणून तिकडे वाळूला तोटा नाही. आपल्या काळ्या कातळात क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच. त्यातली खनिजं ऊन-पावसात फार तग धरत नाहीत. आधी कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, मग मुरूम होतो, मग चिकण काळी माती. कापूस, ज्वारी, ऊस सगळं तिच्यावर. दख्खनच्या नद्यांत जी काळपट वाळू दिसते ती या वाटेवर मध्येच सापडलेली, माती व्हायची राहून गेलेली. तिला आणखी वेळ दिला तर तीही माती होईल. टिकाऊ असतात ती मॅग्नेटाइटसारखी थोडी खनिजं, आणि जुन्या बुडबुड्यांत साचलेली गारगोटी. जे भरीव होतं त्याची माती झाली. पोकळीत साचलेलं राहिलं.

*

आहुप्याच्या कड्यावर आषाढ लागलाय. आता तुम्ही साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पावसात आहात. कोकणातून वर येणारं धुकं कड्याला थडकतंय, हाताचा पंजा डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. गारगोटीभोवतीचा मुरूम भिजून सैल झालाय. एक सर येते आणि ती लिंबाएवढी गाठ हिरडीतून दात निखळावा तशी निखळते. ओढ्यात पडते. ओढा घोड नदीला मिळतो.

इथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत आहे. पण पाणी त्याच्याकडे पाठ फिरवतं. घोड भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. शेजारचं घर सोडून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला पाहुणचाराला जाण्याचा हा दख्खनच्या नद्यांचा हट्ट मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. त्या हट्टामुळेच तर देशावर पाणी आहे.

गाठ एका पुरात सरकते, मग कित्येक वर्षं एखाद्या वळणावर पडून राहते. पुढच्या मोठ्या पुरात पुन्हा सरकते. असं करत ती इनामगावाला येते.

इनामगाव आज शिरूर तालुक्यात आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. सांकलिया, धवलीकर, अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. तुम्ही मात्र इसवी सनापूर्वी बाराशेच्या आसपास आला आहात. घोडच्या उजव्या काठावर चौकोनी घरं, बुटक्या मातीच्या भिंती, वर गवताचं शाकारणं. अंगणात जव वाळत घातलाय. लाल मडकी, त्यांवर काळ्या रेघांची नक्षी. टिचकी मारली तर धातूसारखी खणकन वाजतात.

एक माणूस नदीच्या गोट्यांतून गारगोट्या वेचतोय. उचलतो, उन्हात धरतो, फेकतो. तुमची गाठ उचलतो आणि फेकत नाही. घरी नेऊन पायांच्या बेचक्यात धरतो, एका अंगानं ठोकून तिला शीर काढतो आणि त्या शिरेच्या आधारानं पाती सोडवू लागतो. टच. टच. करंगळीएवढी लांब, वस्तऱ्याच्या धारेची पाती. लाकडाच्या खाचेत अशी पाच-सहा पाती ओळीनं डिंकानं बसवली की विळा तयार. तांबं गावात आहे, पण ते महाग. कापणी होते ती गारगोटीनंच. प्रत्येक टच्‌बरोबर बारीक कपच्या उडतात. त्यांतली एक तुमच्या पायाशी पडते, एका अंगाला धार असलेली.

डबीतला कण तो हाच, असं छातीठोक सांगायला मी पंचांग काढून बसलेलो नाही. पण इनामगावच्या मातीत अशा कपच्या आणि पाती ढिगांनी निघाल्या, आणि नदी दाराशी होती.

मागच्या घरात आवाज नाही. दार नाहीच, नुसता आडोसा, डोकावून बघा. जमिनीत खड्डा खणलाय. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवली आहेत आणि आत काय आहे ते विचारायची गरज नाही. इथे मोठ्या माणसांना पुरताना घोट्यांखालून पाय तोडत. ती परत चालत येऊ नयेत म्हणून असावं, असा एक तर्क आहे. लहानग्यांना मात्र दोन मडक्यांच्या पोटात ठेवत आणि घराबाहेर नेत नसत. बाई खड्डा बुजवते. वरून ओल्या मातीचा हात फिरवते. मग तळव्यानं जमीन थापते, थापत राहते, सपाट झाली तरी.

इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास हे गाव ओस पडलं. पाऊस हटत गेला आणि शेती परवडेना, असं धवलीकरांनी मांडलं. कपच्या तिथेच राहिल्या. मग कधीतरी काठ ढासळला.

*

वाळूएवढ्या कणाचा नदीतला प्रवास मोठ्या धोंड्यासारखा नसतो. धोंडे एकमेकांवर आपटून झिजतात, गोल होतात. बारीक कणांच्या मध्ये पाणी गादीसारखं येतं, आणि गारगोटीसारखा कठीण कण शेकडो किलोमीटर वाहून गेला तरी त्याचे कोपरे फारसे मोडत नाहीत. म्हणून ती धार राहिली. पळसदेवावरून, नीरा नरसिंहपूरच्या संगमावरून कण पुढे येतो. नरसिंहपूरची मूर्ती प्रल्हादानं वाळूची केली, असं तिथले लोक सांगतात. मग भीमा चंद्रकोरीसारखी वळते, आणि त्या वळणात तिचं नाव बदलतं.

वाळवंट हा शब्द बघा. भूगोलाच्या पेपरात त्याचा अर्थ सहारा, थर, उंट. वारकऱ्याला वाळवंट म्हटलं की चंद्रभागेचं ओलं पात्र दिसतं, पुंडलिकाच्या देवळाभोवतीचं. एकाच शब्दात पाण्याचा दुष्काळ आणि पाण्याचा शेजार. 

तुम्ही चौदाव्या शतकात, एका एकादशीच्या रात्री तिथे उतरता. पाय घोट्यापर्यंत रुततात. वाळूचा वरचा थर थंड आहे आणि बोटं आत खुपसली तर दिवसाची ऊब हाताला लागते. टाळांचा आवाज पाण्यावरून येतो म्हणून जवळचा वाटतो. नामदेव कीर्तनाला उभे आहेत. गर्दीत कोण कुठल्या आळीचा, हे अंधारात दिसत नाही. देवळाच्या महाद्वाराशी मात्र ते भर उन्हात दिसतं. चोखोबांना आत प्रवेश नव्हता. त्यांची समाधी आज महाद्वाराशी नामदेव पायरीजवळ आहे, म्हणजे मेल्यावरही बाहेरच. वाळवंटाला उंबरठा नाही, म्हणून तिथे कीर्तनात उभं राहायला कोणाला अडवता आलं नाही. महाद्वाराचं दार सर्वांना उघडावं यासाठी मे 1947मध्ये साने गुरुजींना याच गावात उपोषणाला बसावं लागलं. चोखोबांपासून गुरुजींपर्यंत सहाशेहून अधिक वर्षं. तुमचा कण एवढा वेळ वाळवंटातच होता. पुरात दोन हात पुढे, उन्हाळ्यात तिथेच.

*

1972. हे वर्ष घरात सारखं ऐकलेलं, त्यामुळे ओळखीचं वाटेल. तुमच्या आजीचं गाव करमाळ्याकडचं धरू. विहिरींचा तळ दिसतोय, जनावरं विकली गेलीत किंवा मेलीत. दुष्काळी कामावर आजी खडी फोडतेय. वय सव्वीस-सत्तावीस. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, हातोडीची मूठ घामानं काळी. खडी ब्रासवर मोजली जाते. ढीग भरला तर पैसे. दुपारी सुकडी मिळते. घरी लाल मिलोची भाकरी, जी थापताना तुटते.

तिच्या जवळ जाऊन बसा. ती तुम्हाला ओळखणार नाही. एक धोंडा हातोडीखाली दोन फाकांत उघडतो आणि आतली पोकळी पांढऱ्या स्फटिकांनी झगझगते. सहा कोटी वर्षांत पहिल्यांदा त्यावर ऊन पडलंय. आजी क्षणभर बघते. मग तोही फोडते. ब्रास भरायचाय.

ढिगाच्या पलीकडे बाभळीला झोळी बांधलेली आहे. आजी अधूनमधून तिकडे बघते. तुमच्या वडिलांचा जन्म त्याआधीचा, ते तेव्हा पाच वर्षांचे, म्हणजे झोळीत ते नाहीत.

पुढच्या वर्षी, 1973 साली, पाऊस झाला. आषाढीला आजी दिंडीबरोबर चालत पंढरपूरला निघाली. डोक्यावर तुळस नाही, पखवाजाच्या मागे तिसऱ्या रांगेत, पायांत काही नाही. बाभळीची झोळी गेल्या वर्षीच सोडली गेली होती. त्याबद्दल घरात कोणी बोललेलं तुम्ही कधी ऐकलेलं नाही. वडिलांना एक धाकटी बहीण होती, एवढंच एकदा एका म्हाताऱ्या चुलत्याच्या तोंडून निसटलेलं.

वाळवंट माणसांनी फुललंय. लुगडी वाळताहेत, फुगड्या चालल्यात, चुरमुऱ्यांच्या पोत्यांवर माश्या घोंगावताहेत. चंद्रभागेत बुडी मारून आजी ओलेत्यानं काठावर बसते. दर्शनाच्या रांगेत जायची तिला घाई नाही. ती ओली वाळू दोन्ही हातांनी पुढ्यात ओढते, लहानसा उंचवटा करते. मग तळव्यानं तो थापते, थापत राहते, सपाट झाला तरी.

बऱ्याच वेळानं ती तिथली एक मूठ उचलते आणि पदराला गाठ मारते.

पुढे दर भाद्रपदात हरतालिकेची पिंड घालताना ती नदीवरून आणलेल्या वाळूत डबीतली चिमूट मिसळायची. डबी कधी पुरती रिकामी होऊ दिली नाही. तुम्ही लहानपणी विचारलं होतं, की त्यानं काय होतं. ती म्हणाली होती, "काय व्हायचंय? असू दे."

*

फरशीवर या. कागद अजून समोर आहे.

ही वाळू पुन्हा आणायची म्हटली तरी मिळायची नाही. उजनीचं धरण 1980मध्ये पूर्ण झालं. तेव्हापासून घोड आणि वरची भीमा जे काही वाहून आणतात ते त्याच्या जलाशयाच्या, यशवंतसागराच्या, तळाशी बसतं. पळसदेवाचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. आहुप्याचा कण आता पंढरपूरला पोचत नाही. खाली वाळू येते ती नीरेनं आणली तेवढीच, आणि नीरेच्या वाटेवरही धरणं आहेत.

यायची थांबली, जायची थांबली नाही. रात्री पात्रात टिपर उतरतात. मीही घर बांधलं तेव्हा दारात पडलेला वाळूचा ढीग कुठल्या नदीचा, हे विचारलं नव्हतं. गवंड्यानं ग्लासभर पाण्यात मूठ ढवळून गाळ किती बसतो ते पाहिलं आणि "माल चांगला आहे" म्हणाला. मला तेवढं पुरलं. त्यामुळे इतरांना उपदेश करायला माझं तोंड नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2022च्या अहवालानुसार जग वर्षाला सुमारे 5 हजार कोटी टन वाळू आणि खडी वापरतं. राज्य सरकारनं 2023मध्ये 600 रुपये ब्रासनं वाळू देण्याचं धोरण आणलं, 2025मध्ये कृत्रिम वाळूचं. कृत्रिम वाळू म्हणजे हाच काळा कातळ यंत्रात भरडून केलेला चुरा. आजी हातोडीनं करत होती तेच, फक्त जास्त बारीक. माझं मत विचाराल तर नदीत हात घालण्यापेक्षा ते बरं. डोंगर मात्र त्यालाही लागतोच.

"टाकली का तुळशीत?" आई विचारते.

कण कागदाच्या घडीवरून पुन्हा डबीत घसरतात. दुधाळ कण शेवटी जातो. झाकण लावा, घट्ट बसेपर्यंत दाबा.

आणि यंदा आषाढीला जाणार असाल तर एक ऐका. चंद्रभागेत वाळू उपसलेल्या जागी खड्डे आहेत, वरून पाणी सपाट दिसतं. त्यांत माणसं बुडाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. बुडी मारायची तर काठाशीच मारा, आणि पोराचा हात सोडू नका.